काश्मीरमधली कारवी

प्रवासाने माणसाची दृष्टी विशाल होते, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या चांदोरकरांनी जेवढा प्रवास पाहिला, तेवढा माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. सिमला, उटी, दार्जिलिंग, गोवा; काश्मीर तर मोजता येणार नाही इतक्या वेळा. हे सगळं त्यांनी लखनौच्या अलीगंजात, वेताच्या खुर्चीत बसून, वीस इंची टीव्हीवर पाहिलं. आणि एवढ्या प्रवासात त्यांची दृष्टी कायम एकाच जागी असे: नायकाच्या मागच्या झाडावर.

नायक-नायिका मधुचंद्रासाठी सिमल्याला पोचत. गाणं सुरू होई. दुसऱ्या कडव्याच्या आत चांदोरकर रिमोटने चित्र थांबवत आणि उठून टीव्हीपाशी जात. थांबलेल्या चित्रावर पांढऱ्या आडव्या रेघा थरथरत असत आणि नायिकेचं नाक त्यांतल्या एकीत सापडलेलं असे. चांदोरकर नाकाच्या जरा वर, डावीकडे बोट ठेवत.

"सिल्व्हर ओक. सिमल्यात? ही उटी आहे."

मग ते खुर्चीत परत येत, वहीत नोंद करत आणि चित्र पुढे सोडत. नायिका उटीत नाचू लागे.

माझी बँकेने नाशिकहून लखनौला बदली केली ती तीन वर्षांसाठी. पाचव्या वर्षी मी विचारणं सोडून दिलं. परगावात मराठी शेजार मिळणं हे भाग्य असतं, असं चारबाग स्टेशनवर उतरतानाच मला कुणीतरी सांगितलं होतं. भाग्याचं एक आहे, ते दर रविवारी दुपारी येतं. अडीच वाजले की चांदोरकर जळमटं काढायच्या काठीने खालून आमच्या जमिनीवर तीनदा ठोकत. याचा अर्थ गाडी सुटते आहे, या. पहिल्या वर्षी मी उत्साहाने गेलो, दुसऱ्या वर्षी भिडेने. त्यानंतर, लग्नाला जशी माणसं जातात, तसा जात राहिलो. माझी मुलगी मात्र जिन्यातूनच परत फिरायची. घरात आम्ही मराठीत विचारायचो आणि ती हिंदीत उत्तर द्यायची, तशी ती म्हणाली, "पापा, अंकल फिर पेड़ दिखाएँगे."

तिचं चुकत नव्हतं. चांदोरकरांची नोकरीच ती होती. शहरातल्या एका वनस्पतींच्या संस्थेत वाळवलेल्या झाडपाल्याचा संग्रह होता, तिथे ते तीस वर्षं होते. शास्त्रज्ञ मंडळी जीप घेऊन हिमालयात, सह्याद्रीत, आसामात जात आणि वर्तमानपत्रांत दाबलेल्या फांद्या घेऊन परत येत. चांदोरकर त्या फांद्या जाड कागदावर सुईदोऱ्याने शिवत, कोपऱ्यात चिठ्ठी लावत: नाव, स्थळ, उंची, गोळा करणाराचं नाव. अशी हजारो ठिकाणं त्यांच्या हाताखालून गेली होती. पहिल्या वर्षीचा एक दौरा सोडला, तर त्यांतल्या एकाही ठिकाणी ते गेलेले नव्हते. दौऱ्यावर त्यांचं नाव लागलं की ते काहीतरी कारण सांगत. संस्थेत त्यांना घरकोंबडा म्हणत, हे त्यांनीच मला सांगितलं. आणि चहात साखर कमी आहे म्हणाले.

चिठ्ठी चुकीची लावणं हा त्यांच्या लेखी एकमेव गुन्हा होता. खून करणाराला परिस्थिती असू शकते, पण मसुरीच्या फांदीवर नैनिताल लिहिणाराला क्षमा नाही. आणि सिनेमावाले तर राजरोस तेच करत होते. गोवा म्हणून दाखवलेल्या किनाऱ्यामागे ताडांची रांग दिसली की चांदोरकर दुखावून म्हणत, "मद्रासकडे नेलंय यांना. हे पोहतायत बिचारे, यांना ठाऊकही नसेल." नव्वदीनंतर नायक एकाएकी स्वित्झर्लंडला जाऊन नाचू लागले, तेव्हा मात्र ते हतबल झाले. "युरोप आमच्याकडे नाही," ते म्हणाले, आणि पुढची सगळी गाणी त्यांनी हात मांडीवर ठेवून ऐकली.

टीव्हीवर तेव्हा एक प्रवासाची मालिका लागे. तिच्यात गळ्यात मफलर घातलेला एक गृहस्थ कड्याच्या टोकाला उभा राहून आपण आयुष्याच्या प्रवासात सगळेच कसे वाटसरू आहोत, ते सांगे. एकदा तो कुमाऊंच्या अस्पर्श अरण्यात उभा राहिला. त्याच्या कोपराशी घाणेरीचं झुडूप होतं. चांदोरकरांनी मालिकावाल्यांना कार्ड लिहिलं की घाणेरी साहेबाने बागेसाठी आणलेली आहे, ती असेल तिथे अस्पर्श काही राहिलेलं नसतं, तरी दुरुस्ती व्हावी. दीड महिन्याने उत्तर आलं: मफलरवाल्याचा सहीसकट फोटो. चांदोरकरांनी तो वहीत शिवला. चिकटवला नाही, शिवला. खाली चिठ्ठी लावली: "वेल. आधाराशिवाय उभी राहत नाही. स्थळ अनिश्चित."

तरी या सगळ्यापेक्षा अवघड परीक्षा लाइट गेल्यावर असे. लखनौला लाइट जाण्याला वेळ-काळ नसतो. टीव्ही मिटे, कुलर घुरघुरत थांबे, खोलीत खसाचा, म्हणजे आपल्या वाळ्याचा, ओला वास तेवढा उरे. आपण उठावं म्हटलं तर चांदोरकर हात वर करत.

"बसा गायधनी. आउटरला थांबलीय."

गाडी सिग्नल नसल्यामुळे स्टेशनाबाहेर थांबली तर कुणी उतरतं का, असा त्यांचा सवाल असे. मग कुमुदवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, डबा उघडत. त्यात दशम्या आणि लसणाची चटणी असे. आम्ही अंधारात, घामाने निथळत, कुठेही न जाणाऱ्या गाडीत दशम्या खात असू. एकदा अशी अडीच तास गाडी थांबली होती. चारबागहून निघालेला माणूस तेवढ्या वेळात कानपूरच्या पुढे गेला असता.

या रविवारांमध्ये आणखी एक प्रकार होता आणि त्याचा उलगडा मला बरेच दिवस झाला नव्हता. सिनेमात तळं आलं की चांदोरकर झाडं सोडून देत. चित्र थांबवत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारत, "बघ गं." वहिनी पदराला हात पुसत दारात येत, चष्मा नाकावर घेत, तळं बघत आणि "नाही" म्हणून आत जात. बस, एवढंच. मी समजलो, हा नवरा-बायकोचा काहीतरी जुना खेळ असेल. जुन्या नवरा-बायकोंचे खेळ तिसऱ्याने विचारू नयेत.

उलगडा झाला तो माझ्या बायकोमुळे. मेथी निवडताना वहिनींनी तिला सगळं सांगितलं होतं.

वहिनींना गाडी लागते. साधी नाही. अलीगंजहून टेम्पोने बाजारात जायचं तरी लिंबू हुंगत जावं लागतं. लग्न झालं तेव्हा चांदोरकर पेणला होते. आठवड्याने दोघं एस.टी.ने अलिबागला सिनेमाला गेली. मधुचंद्र म्हणावा तर तेवढाच. बसमध्ये वहिनींना उलट्या झाल्या, टॉकीजच्या दारात पुन्हा झाली. आत जाऊन बसेपर्यंत सिनेमाचं नाव होऊन गेलं होतं. पण पुढे एक तळं आलं. काठाला बंगला, त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या आणि मागे डोंगर. नायक म्हणाला की हे काश्मीर. ते बघता बघता वहिनींची मळमळ थांबली. तेव्हाच्या नव्या नवरीने नवऱ्याला हळूच म्हटलं, एकदा इथे जायचं हं.

चांदोरकर हो म्हणाले. पण त्यांनी ते तळं पाहिलंच नव्हतं. ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते, हातात लिंबू धरून.

त्यानंतर लखनौ. पहिल्याच वर्षी ते महिनाभराच्या दौऱ्यावर गेले आणि परत आले तेव्हा एकोणीस वर्षांची ही बाई, हिंदीचा एक शब्द येत नव्हता म्हणून, दूधवाल्याखेरीज कुणाशी महिनाभर बोलली नव्हती. चांदोरकर पुन्हा दौऱ्यावर गेले नाहीत. हिला नेता येत नाही आणि हिला सोडून बघायचं काय, असं म्हणाले म्हणे. हे त्यांनी संस्थेत सांगितलं नाही. संस्थेत त्यांनी घरकोंबडा होणं पत्करलं. आणि मग कॅसेटी भाड्याने मिळायला लागल्यावर त्यांनी ते तळं शोधायला घेतलं. सिनेमाचं नाव माहीत नाही, नट आठवत नाहीत, आठवतं फक्त तळं, तेही बायकोला. म्हणून ज्या ज्या सिनेमात कुणी सुट्टीवर जातं, तो प्रत्येक सिनेमा आणायचा, आणि तळं आलं की बघ गं.

हे कळल्यावर रविवारी खाली जाणं सोपं झालं असं नाही, पण कुरकुर करणं अवघड झालं.

अलीगंजातल्याच कपूरथला नावाच्या बाजारात सक्सेनाजींची व्हिडिओ लायब्ररी होती. चांदोरकरांसाठी त्यांनी एक वेगळा कप्पाच ठेवला होता. लांबून त्यांची सायकल दिसली की ते अदबीने उठून उभे राहत. "आइए चांदोरकर साहब. इस हफ़्ते पहाड़ लीजिएगा या समुंदर?" चांदोरकर पहाड घेत. पण केबल आली, घरोघरी छत्तीस चॅनल दिसू लागले आणि एका मार्चमध्ये सक्सेनाजींनी दुकान मोडायला काढलं. तिथे आता बिर्याणीवाला येणार होता. चांदोरकर त्या दिवशी जिन्यात भेटले. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार, पेणला परतणार. पेणला एवढे जुने सिनेमे कुठून मिळायचे? बोलताना ते आमच्या दारातल्या कडीपत्त्याच्या कुंडीकडे बघत होते आणि त्याचं लॅटिन नाव त्यांनी सांगितलं नाही, यावरून मी काय ते समजलो.

सक्सेनाजींनी जाताना त्यांना एक पोतं दिलं. चिठ्ठ्या गळून पडलेल्या, कुणी न नेणाऱ्या, काळ्या-पांढऱ्या सिनेमांच्या कॅसेटी. पैसे घ्यायला तयार होईनात. म्हणाले, साहब, आप देखेंगे तो इनकी भी इज़्ज़त रह जाएगी. ज्यांच्यावर नाव नाही अशा एकतीस वस्तू चांदोरकरांनी आयुष्यात पहिल्यांदा घरात येऊ दिल्या.

एप्रिलभर काठी ठोकत राहिली. पोत्यातल्या कॅसेटींना बुरशी होती. चांदोरकर त्या एकेक उघडून कापसाने पुसत. कुणाला आवाज नव्हता, कुणाला शेवट. दोन-तीन तळी निघाली. बघ गं. नाही. बघ गं. नाही.

एका रविवारी एक सिनेमा लागला, त्याची सुरुवातीची दहा मिनिटं फितीत नव्हतीच. नायिकेला क्षयासारखं काहीतरी होतं आणि डॉक्टर हवापालट सुचवत होता. नायक म्हणाला, काश्मीर. गाडीचं चाक दिसलं, धूर दिसला, एक डोंगर दिसला आणि लाइट गेली.

आम्ही बसलो. कुणी आउटरचं नाव काढलं नाही. वहिनी स्वयंपाकघरातून डबा घेऊन आल्या आणि यावेळी परत न जाता मोढ्यावर बसल्या. दशम्या झाल्या. बाहेर फेरीवाला काकड्या ओरडत गेला, परत आला. मला ढेकर आली, झोप आली, घरी जाण्याची तीव्र इच्छा आली. तास-सव्वा तासाने वहिनी अंधारातच म्हणाल्या, "तो धूर बघितल्यासारखा वाटतोय." चांदोरकरांनी काडेपेटी चाचपून मेणबत्ती लावली आणि ती विनाकारण टीव्हीसमोर ठेवली.

लाइट आली. कुलरने शिंक दिली. चित्र उलगडलं, आणि पडद्यावर तळं होतं. काठाला बंगला, त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, मागे डोंगर.

चांदोरकरांनी चित्र थांबवलं. "बघ गं" म्हणायची गरज नव्हती.

"हेच," वहिनी म्हणाल्या. चष्मा त्यांनी काढला, पुसला, परत लावला. "काश्मीरच होतं बघा. मी म्हणत नव्हते?"

आता मी नाशिकचा. शाळेत असताना आमची सहल दरवर्षी एकाच ठिकाणी जाई, कारण हेडमास्तरांचे मेहुणे तिथे होते. तो मागचा डोंगर, त्याचा एका बाजूने कापल्यासारखा माथा, मी चार वेळा बघितला होता आणि एकदा त्याच्या पायथ्याशी माझी चप्पल हरवली होती. ते इगतपुरीचं तळं होतं. बंगला तेवढा नवा होता, बहुधा पुठ्ठ्याचा. मी तोंड उघडणार होतो. सवयीने चांदोरकरांकडे बघितलं.

ते टीव्हीपाशी गेले होते. बोट उचललेलं होतं, नायिकेच्या खांद्यामागच्या उतारावर येऊन थांबलं होतं. त्या उताराला कमरेएवढी झुडपं होती, दाट, मोठ्या पानांची. मलाही कळत होतं ती कारवी आहे. सह्याद्रीत सात वर्षांनी एकदा फुलते ती. काश्मीरमध्ये कारवी म्हणजे लखनौच्या गोमतीत देवमासा. चांदोरकरांनी अशा हजार फांद्या हाताने शिवल्या होत्या. त्यांचं बोट तिथे जरा वेळ राहिलं. मग त्यांनी त्या बोटाने काचेवरची धूळ पुसली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नाही.

"काश्मीर," ते म्हणाले आणि खुर्चीत येऊन बसले.

वहीत त्यांनी लिहिलं ते मी तिरक्या नजरेने वाचलं: "स्थळ काश्मीर. झाडे बरोबर." तीस वर्षांच्या नोकरीतली ती त्यांची पहिली खोटी चिठ्ठी.

मला हे पटलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर ते कुलरच्या पाट्यांत नवा खस भरत होते, तेव्हा मी म्हणालो, अहो, काश्मीरला त्यांना नेणं होणार नाही, आणि हल्लीच्या दिवसांत कुणी जातही नाही. पण इगतपुरी तर तुमच्या वाटेवर आहे. दर मे महिन्यात पेणला जाताना तुमची गाडी तिथे इंजिन बदलायला पंधरा-वीस मिनिटं उभी असते. आजवर तीस वेळा ते तळं तुमच्यापासून मैलभरावर होतं. सांगून टाका.

"तिथे ती झोपलेली असते," चांदोरकर म्हणाले. "डोळ्यांवर रुमाल, नाकाशी लिंबू. भुसावळपासूनच." त्यांनी खसाची एक जुडी जाळीत कोंबली. "गायधनी, तिने तीस वर्षं काश्मीर सांभाळलंय. मी तिला आता इगतपुरी देऊ?"

मी जाळी धरली, त्यांनी तार आवळली.

मे महिन्यात ते नेहमीसारखे पेणला गेले. मी चारबागला पोचवायला गेलो होतो. तिकिटं मी पाहिली, ती इगतपुरीपर्यंतचीच होती. वहिनींना सांगितलं होतं की डॉक्टर म्हणतात, प्रवास तोडून करावा, मध्ये दोन दिवस विश्रांती घ्यावी, म्हणजे गाडी कमी लागते. असं कुठलाही डॉक्टर म्हणाला नव्हता. महिन्याभरात दुसरी खोटी चिठ्ठी. माणूस एकदा बिघडला की बिघडतो.

जूनमध्ये ते परत आले. चांदोरकर गच्चीवर भेटले. विचारण्याआधीच म्हणाले की नेलं होतं, संध्याकाळी, टांग्याने नाही, चालत. बंगला नव्हता. पाण्यात म्हशी होत्या. कारवी होती, फुललेली नव्हती. ही बराच वेळ काठावर उभी राहिली. मग म्हणाली, अगदी आपल्या सिनेमातल्यासारखं आहे, नाही? पण काश्मीरचं मोठं होतं.

"मग?"

"म्हटलं, बरंच मोठं."

ते उतारावरच्या झुडपांकडे न बघता तिच्याकडेच बघत होते का, हे मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत मला तेवढं कळत होतं.

त्या रविवारी काठी ठोकली नाही. मी अडीचला उगाच जागा झालो आणि जमिनीकडे बघत पडून राहिलो. संध्याकाळी वहिनी वर आल्या, माझ्या बायकोसाठी पिशवीभर करवंदं घेऊन. रस्त्यात त्यांतली अर्धी चेंबली होती. बायकोने विचारलं, यंदा प्रवास कसा झाला? वहिनी म्हणाल्या, उलटी नाशिक रोडलाच झाली, पण इगतपुरीला उतरलो ते बरं झालं. तिथे बघण्यासारखं मात्र काही नाही.